वाळूची माणसं

हात खाली लोंबला आणि गाडी थांबली. पडद्यावर एवढंच झालं, आणि तेही इतक्या पटकन की खोलीतल्या बाकीच्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. ओल्या वाळूवरून ती बुटकी, बिनचालकाची गाडी, सगळ्यांचा खेकडा, चालली होती. तिच्या पाठीवर गणवेश चढवलेलं, आत वाळू भरलेलं कापडी माणूस पट्ट्यांनी बांधलेलं होतं. वाऱ्यानं की धक्क्यानं कोण जाणे, त्याचा एक हात पट्ट्यातून सुटून कडेला लोंबायला लागला, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. बाजूनं एक जवान आला. त्यानं तो हात उचलला, छातीवर ठेवला, पट्ट्याखाली नीट सारला, गाडीच्या कुशीला कुठंतरी अंगठा दाबला, आणि ती पुन्हा चालायला लागली. पुढं होडीचा उतरता फळा होता, त्यावर ती सरसर चढून गेली. खोलीत टाळ्या वाजल्या. निरीक्षक म्हणून बसलेल्या बाईनं वाजवल्या नाहीत, पण ती एरवीही वाजवायची नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दिवे लागले, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी म्हणालं, खेकड्यानं पोटापाण्याची सोय केली बुवा आपली. तिच्या डोळ्यांपुढून मात्र तो जवान हलेना. किती सवयीनं सारला त्यानं तो हात. झोपलेल्या पोराचा पांघरुणाबाहेर आलेला हात आपण आत घेतो, अगदी तसा, मनात दुसरंच काही चाललेलं असताना. तिचा मुलगा लहानपणी तापात असा काही लोळायचा की पलंगाच्या एका कडेला निजवलेला पोरगा दुसऱ्या कडेला, पायांच्या जागी डोकं, अशा अवस्थेत सापडायचा. आपण कितीदा त्याला सरळ केलं असेल. वाळूचं माणूस थोडं हललं तर गाडी थांबली. मग खरं माणूस.

खरं म्हणजे हे तिला किनाऱ्यावरच दिसायला हवं होतं. ती तिथं होती. निरीक्षक म्हणून प्रत्येक चाचणीला तिला उभं राहावंच लागायचं, डोक्याला रुमाल बांधून, हातात दुर्बीण घेऊन. पण त्या क्षणी ती होडीकडं बघत होती, कारण मागच्या चाचणीत भांडण फळ्यावरूनच झालं होतं: नौदलाचा फळा भूदलाच्या गाडीपेक्षा अरुंद. अशा भांडणांसाठीच तर हे कार्यालय होतं. पूर्वी एखादं नवं यंत्र जवानाच्या हातात पडेपर्यंत तो निवृत्त व्हायचा. एक दल यंत्र बनवायचं, दुसरं नाक मुरडायचं, तिसरं म्हणायचं आम्हाला विचारलं कुणी. म्हणून वर कुणाच्या तरी डोक्यातून हा निधी निघाला. तिन्ही दलांनी मिळून प्रयोग करायचा असेल तरच पैसा, आणि प्रयोग जमला तर यंत्र ताबडतोब सेवेत. वर्षाच्या आत नाही जमला तर पैसा परत. कार्यालयात तिन्ही दलांच्या प्रतिनिधींना जमीन, पाणी आणि आभाळ म्हणायची पद्धत पडली होती. जमीन हलायला तयार नाही. पाणी आज तापलंय. आभाळ अजून आलेलं नाही. तिला ही थट्टा आवडायची, ती स्वतः कधी करत नसे इतकंच. आणि या तिघांच्या पत्रापत्रीत वर्षं जातात हे पाहून मंजुरीचीही एक निराळी रीत ठरवून टाकली होती. बैठक फोनवर व्हायची, सगळे आपापल्या जागी. प्रमुख ठराव वाचायचे आणि गप्प बसायचे. त्या गप्पपणात कुणी बोललं नाही की ठराव मंजूर. होकाराची गरजच नाही. आक्षेप असेल त्यानं मात्र स्वतःच्या तोंडानं बोलायचं, कागदाआड लपायचं नाही. तसा आक्षेप आला की तो मिटेपर्यंत ठराव थांबायचा. आक्षेपाचा हक्क चौघांना: जमीन, पाणी, आभाळ आणि निरीक्षक. तिनं तो आजवर वापरला नव्हता. तशी वेळ आली नव्हती असं ती म्हणायची. आता, खोलीतून बाहेर पडताना, वेळ आली नव्हती की आपण होडीकडं बघत होतो, असा एक किडा डोक्यात शिरला तो शिरलाच.

ती कार्यशाळेत गेली. अंगणाच्या पलीकडं लांबलचक पत्र्याची शेड, आत तेलाचा आणि जळक्या रबराचा वास, आणि मधोमध खेकडा, चाकांत अजून वाळू अडकलेली. अभियंता त्याच्यापाशी उकिडवा बसला होता. तो तिला ताई म्हणायचा, आणि ती त्याला मनातल्या मनात फार हुशार पोर म्हणायची, जरी त्याचे केस पिकले होते. तिनं हाताचं विचारलं. त्यानं लपवलं काहीच नाही. गाडी मुळात तोफगोळे वाहायला केलेली होती. निधीचा आग्रह असा की नवं करत बसण्यापेक्षा तयार आहे ते बदला. म्हणून गोळ्यांची घडवंची काढून माणसाची केली, खालची तबकडी तीच ठेवली. ती तबकडी वजनाचा तोल बघते. माल सरकला की गाडी थांबते, कारण सरकलेला गोळा म्हणजे मरण. थांबली की कुणीतरी माल नीट करून हातानं कळ दाबेपर्यंत ती हलत नाही. फार शहाणी रचना आहे, ताई, तो म्हणाला, आणि तशी ती होतीच. मग तिनं विचारलं की माणूस हलला तर. चाकातली वाळू नखानं काढत तो सांगायला लागला. तबकडीला सैल करता येईल, पण मग खडकाळ जागी गाडी उलटेल. दोन्ही साधायचं तर वेगळी तबकडी हवी, पुढच्या आवृत्तीत ती घेतलेलीच आहे. पुढच्या आवृत्तीचे पैसे ही आवृत्ती सेवेत गेली तरच. जखमी माणूस बांधलेला असतो, तो म्हणाला, आणि लगेच म्हणाला, म्हणजे मी असं धरून चाललो. तिघांनीही वाळूची माणसंच पाठवली होती, ताई. जमिनीची आपली वेगळी, पाण्याची वेगळी, पण सगळी वाळूचीच. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. तो हे अपराध्यासारखं म्हणाला नाही, नवल वाटल्यासारखं म्हणाला, आणि तिला त्याचा राग येईना. तिलाही तर वाटलं नव्हतं.

प्रमुखांच्या खोलीच्या खिडकीला पडदे नव्हते. त्यांना उजेड लागायचा. कधीकाळी तेही दलात होते, आणि त्यांचा थोरला भाऊ एका उतारावर पायात लोखंड घेऊन दिवसभर पडून राहिला होता, खालून डोली वर येईना म्हणून. संध्याकाळी डोली पोचली तेव्हा ती रिकामी नेली असती तरी चाललं असतं. हे त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं, काहीतरी दुसरंच बोलता बोलता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घ्यायचे, हीच त्यांच्याशी भांडण्यातली अडचण होती. मग म्हणाले की बैठक उद्या आहे, वर्षाचा शेवटचा दिवस, मध्यवर्ती खातं दुपारी बारालाच बंद होतं, त्यामुळं सकाळीच उरकावी लागेल. हे बोलताना त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. कार्यालयात सगळ्यांना तिचा नेम ठाऊक होता: सूर्य डोक्यावर येईपर्यंत ती बोलत नसे. बैठका म्हणूनच, कुणी न ठरवता, दुपारच्या झाल्या होत्या. शेजारच्या टेबलावरची तर म्हणायची, गुपित सांगायचं तर ताईंना सकाळी सांगावं. प्रमुख म्हणाले, तुम्ही लिहून आणा, मी वाचून दाखवतो. आणि ती दारापर्यंत गेल्यावर, अगदी हळू, म्हणाले, "बाई, चांगल्या गाडीची वाट बघत जेवढी माणसं मरतात ना, तेवढी वाईट गाडीत मरत नाहीत."

घरी जाताना तिला वाटत राहिलं की बूट चावतोय. दोनदा थांबून तिनं बूट काढून झटकला, आत काही नव्हतं. सकाळी मुद्दाम ठेवली असेल का बैठक, असं एकदा वाटलं आणि लगेच त्या विचाराची लाज वाटली. खातं बाराला बंद होतं हे खरंच होतं, दर वर्षी होत होतं. रस्त्याकडेला एक बाई आपल्या मुलाला हाताला धरून ओढत होती आणि तो मुलगा सगळं अंग सैल सोडून जमिनीवर लोळण घेत होता. किती वजन होतं माणसाचं, त्यानं मनात आणलं तर. नेम तिनं मुलगा पहिल्यांदा सीमेवर गेला त्या सकाळी धरला होता. तो जवान नव्हता, वैद्यकीय पथकात होता, जखमींना उचलून आणणाऱ्यांत. कुणी सांगितला नव्हता नेम, कुठं वाचला नव्हता. तो गेला, तिनं देवापाशी दिवा लावला, आणि हात जोडून काय मागावं हे सुचेना तेव्हा गप्प राहिली, आणि ते गप्प राहणंच तिला त्या दिवशी मागणं वाटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच राहिली. देवाशी सौदा करू नये हे तिला कळत होतं. तिनं कधी मनातसुद्धा, मी गप्प राहते तू त्याला सांभाळ, असं म्हटलं नव्हतं. पण न म्हटलेलंही तिथं पोचत असणार, नाही तर मौनाला अर्थ काय. आणि तो सुखरूप होता. एकदा त्याच्या शेजारी उभा असलेला गेला आणि हा सुखरूप राहिला. त्या दिवशी बातमी दुपारी आली होती, आणि सकाळी स्वयंपाकघरात हातावर तेल उडालं असताना आपण तोंडातून आवाज काढला नव्हता हे तिला आधी आठवलं, मग बाकीचं. याची तिला अजून शरम वाटायची. पण आठवण तशीच राहिली होती, हातावरच्या त्या डागासारखी. नवरा हसायचा. सकाळचा माझा संसार फार सुखाचा आहे, तो पाहुण्यांना सांगायचा. नेम कशासाठी आहे हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि त्याच्या न विचारण्यावरून तिला कळायचं की त्याला माहीत आहे.

मुलाचा फोन संध्याकाळी आला. आवाजामागं वारा होता. जेवलास का, झोप होते का, हे झाल्यावर त्यानंच विचारलं, आई, त्या तुमच्या गाडीचं काय. त्याला कुठून कळलं कोण जाणे. तिथं सगळं कळतं. तो म्हणाला लवकर पाठवा गं ती, आमचे खांदे गेले. परवा एकाला चढावरून आणताना दोघांची पाळी होती आणि मधल्या टप्प्यात एक जण आडवा झाला, मग वाहणारे कमी आणि वाहायचे जास्त. हे तो हसत सांगत होता. तिथली मुलं असंच सांगतात. तिनं विचारलं, जखमी माणसं फार हलतात का रे. मग तो म्हणाला, "आई, हलतोय तो बरा गं. हलतोय म्हणजे आहे. गप्प पडला की आम्ही घाबरतो." नवऱ्यानं फोन मागितला म्हणून तिनं दिला. ते दोघं कसल्याशा खेळाच्या निकालावर बोलत राहिले, आणि ती तिथंच उभी राहून भिंतीचा सुटलेला पोपडा नखानं सोलत राहिली. थांबवली तर त्याचे खांदे. पाठवली तर हलणारा प्रत्येक माणूस उघड्यावर थांबणार, आणि त्याच्यापाशी जाऊन कळ दाबणारा कुणीतरी उघड्यावर धावणार, आणि तो धावणारा कोण असेल हे तिला सांगायला कुणी नको होतं. त्याला सांगावं का? सांगितलं तर तो म्हणेल, थांबली तर थांबली, आम्ही दाबू कळ. तो असंच म्हणेल. लहानपणी विहिरीत चेंडू पडला तेव्हाही तो असंच म्हणाला होता.

सकाळी स्नान, दिवा, माळ, सगळं रोजच्यासारखं झालं आणि काहीच रोजच्यासारखं झालं नाही. माळेचे मणी बोटांखालून गेले, पण नाम कुठं होतं कोण जाणे. कार्यालयात प्रमुखांच्या टेबलावर मधोमध तो काळा चपटा फोन, त्याचा छोटा हिरवा दिवा. अभियंता भिंतीला टेकून उभा. ती आपल्या खुर्चीत. जमीन आली, पाणी आलं, पाण्यानं हवेची चौकशी केली, जमीन म्हणाली हवा तुमच्याकडं असते, आमच्याकडं नुसती धूळ. आभाळ उशिरा आलं आणि त्यानं उशिराबद्दल माफी मागितली, तीही उशिरा, मधेच. प्रमुखांनी ठराव वाचला. मग तिचा कागद वाचला. शब्द न् शब्द वाचला त्यांनी, एकही गाळला नाही, आणि शेवटी आपल्या त्याच सौम्य आवाजात जोडलं की निरीक्षकांची ही सूचना पुढच्या आवृत्तीसाठी नोंदवून घेत आहोत. मग ते गप्प बसले.

ही ती रीत. ती किती वेळा या गप्पपणात बसली होती. दुपारच्या सुस्तीत तो कसा मऊ असायचा, कुणाचा तरी खोकला, कुणाच्या तरी खिडकीबाहेरचं विमान, आणि मग प्रमुखांचं ठीक आहे. आज तो गप्पपणा तिला स्वतःचा वाटला, घरातला, देवापुढचा, आणि कुणीतरी तो उचलून इथं टेबलावर आणून ठेवला होता. मी गप्प आहे कारण मला त्याचं भलं हवं आहे. मी गप्प राहिले तर ती गाडी त्याच्याकडं जाईल, त्यालाही तीच हवी आहे. सगळं एका रेषेत येत होतं, फार सोपं होतं, नुसतं बसून राहायचं होतं. जीभ टाळूला चिकटली होती, रोजच्यासारखी. आणि मी बोलले तर. बोलले आणि आज दुपारी फोन आला तर. हा विचार तिनं पुरता केला नाही. त्याच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि आतला अंधार तिला दिसला. देवा, तुला माझं गप्प राहणं खरंच हवं होतं का, की मीच एका सकाळी काही सुचेना म्हणून तुझ्यावर लादलं ते. वाळूच्या माणसांना आया नसतात. तिघांनी तीन तऱ्हेची पाठवली होती, आणि सगळी किती शहाणी, एक हात तेवढा सुटला. प्रमुखांनी श्वास घेतला. ठीक आहे म्हणायच्या आधी ते असा श्वास घ्यायचे, तिला माहीत होतं.

थांबा, ती म्हणाली.

आवाज तिचा नव्हता. फार दिवस न उघडलेल्या कडीसारखा, खरखरीत, आणि वाटलं होतं त्यापेक्षा मोठा. प्रमुखांनी तिच्याकडं पाहिलं आणि मग टेबलाकडं. फोनमधून पाण्यानं विचारलं, कोण बोलतंय. निरीक्षक, ती म्हणाली. सकाळी? आभाळ म्हणालं, आणि हे इतकं निरागसपणे आलं की अभियंत्याला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकून गिळलं. ती म्हणाली की ती सूचना नाही, आक्षेप आहे, आणि मग एकदा आवाज निघालाच आहे तर सगळं सांगून टाकलं: तबकडी, तोफगोळे, हात, कळ. जमिनीनं मधेच सांगितलं की पट्टा सैल होता, त्यांनी चौकशी केली आहे. पट्टा घट्ट करा. पाण्यानं विचारलं की हे सगळं आजच कसं दिसलं, आणि ते बरोबरच होतं. तुम्ही कधी जखमी माणूस उचललाय का, जमिनीनं विचारलं, तुसडेपणानं नव्हे, खरोखरच विचारलं. नाही, ती म्हणाली. तुम्हीही त्या गाडीत तो ठेवलेला नाही. जिवंत माणूस बांधा आणि बघा. माझं चुकलं असेल तर मी आक्षेप मागं घेते. यावर सगळे एकदम बोलायला लागले. आज कुठून आणायचा माणूस, परवानगी लागते, विमा लागतो, किनारा लागतो. गाडी खाली अंगणात आहे, ती म्हणाली, आणि मी झोपते.

अंगणात ऊन होतं. बातमी शेडभर गेली होती आणि कामगार हात पुसत बाहेर येऊन उभे राहिले होते. अभियंत्यानं फरशीवर, गाडीच्या वाटेच्या कडेनं, खडूची एक लांब रेघ मारली. चाचणी म्हटली की रेघ असते, आणि निरीक्षकानं हात करेपर्यंत किंवा शब्द देईपर्यंत कुणी ती ओलांडत नाही, मग काही का होईना. आज हात बांधलेले असणार म्हणून शब्द, असं प्रमुखांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ते लांब तारेचा फोन घेऊन पायरीवर उभे होते. तिघंही त्यात होते. ती चपला काढून गाडीवर चढली. का काढल्या कुणास ठाऊक, सवयीनं. अभियंत्यानं साडीचा घोळ नीट पायांखाली सारून दिला आणि पट्टे आवळले, छातीवर, मांड्यांवर, घोट्यांवर, दोन्ही हात कुशीला. माफ करा ताई, असं प्रत्येक पट्ट्याला म्हणत होता. घट्ट कर, ती म्हणाली. जमिनीचं म्हणणं आहे घट्ट. मग डोक्याखाली गुरगुर झाली आणि आभाळ सरकायला लागलं.

गाडी चांगली होती. हे तिला कबूल करावं लागलं. फरशीच्या खाचा, तेलाचे पाट, मोरीचं झाकण, कशाचाच धक्का लागेना. पाळण्यात घातल्यासारखं वाटत होतं. या गाडीतून तो कुणाला तरी खाली आणील आणि त्याचे खांदे मोकळे राहतील. आता हलायचं होतं. आणि तिला हलता येईना. आयुष्यभर तिनं अंगाला न हलण्याची सवय लावली होती, आसनावर, बैठकीत, लोकांत. इतक्या पुरुषांसमोर आडवं पडून तडफडायचं कसं, हे अंगाला ठाऊकच नव्हतं. गाडी अर्ध्या अंगणापर्यंत आली. ती वाळूच्या माणसासारखी शहाणी पडून होती आणि खेकडा आपला चालला होता. कुणीतरी म्हणालं, बघा की, जातेय की मस्त. आणखी थोडं आणि रेघेचं दुसरं टोक. मग तिनं डोळे मिटले आणि दुखतं कुठं ते आपल्यातच शोधलं, आणि ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. फोन दुपारी येतो. कुणीतरी अनोळखी माणूस आधी नाव विचारून खात्री करून घेतो. पोटातून एक कळ वर आली तशी ती कमरेतून वळली, पाठ उचलली, गुडघा पट्ट्यावर आपटला. पट्टे घट्ट होते, हललं ते एवढंसंच.

गाडी थांबली.

गुरगुर थांबली, मग काहीच ऐकू येईना. ऊन सरळ तोंडावर होतं. घामाचा एक थेंब भुवईतून डोळ्यात उतरला आणि झोंबायला लागला, आणि हात बांधलेले. पायरीवरून फोनमधला पाण्याचा आवाज बारीक ऐकू आला, काय झालं, इकडं काही कळत नाही. थांबली, प्रमुख म्हणाले. ठीक आहे, समजलं, जमीन म्हणाली, ही अट घालून मंजूर करून टाकू, अजून वेळ आहे, बाईंना उतरवा. पावलं वाजली आणि खडूपाशी येऊन थबकली. अभियंता होता. ताई, तो म्हणाला, शब्द द्या.

तिनं दिला नाही. शब्द दिला की चाचणी संपली, आणि बाराच्या आत संपली की अट घालून मंजुरी. पट्टा गळ्याखाली काचत होता आणि मांडीत गोळा आला होता. माणूस जागचा अडकला की त्याला सगळीकडं कसं खाजतं हे तिला कळत होतं. अटी घालून मंजूर झालेल्या गोष्टी तिनं पाहिल्या होत्या. अट कागदावर राहते आणि गाडी डोंगरावर जाते. कामगारांतल्या एकानं उगाच पाय बदलला. बाई, प्रमुख म्हणाले, बारा वाजत आलेत. त्यांच्या आवाजात विनंती होती, आणि त्या विनंतीत तो उतार होता, तो सगळा दिवस, हे तिला स्पष्ट ऐकू आलं, आणि ती त्यांच्यासाठी रडलीसुद्धा असती. तिचा मुलगा या वर्षी खांद्यावरच वाहील. हे आपण केलं. यातून काही निष्पन्न होईल की नुसता अपशकुन, तिला माहीत नव्हतं, आणि विचारावं असं वर काही नव्हतं, नुसता पांढरा उजेड होता. खूप वेळ झाल्यासारखं वाटत होतं. खरं तर झाला नसेल. कुणीतरी यावं, आत्ता यावं, असं सगळं अंग म्हणत होतं, आणि खडूच्या त्या बाजूला एवढी माणसं उभी होती, हाताच्या अंतरावर, आणि एकालाही येता येत नव्हतं. त्यांनाही ते कळायला लागलं होतं. अभियंत्याचा श्वास तिला ऐकू येत होता. अजून थोडं, ती स्वतःला म्हणाली, आणि पुन्हा हलली.